लहान ख्रिश्चन प्रेप हायस्कूलमधला अभ्यास कसा असतो? (टेक्सास, नववी)

गव्हाची_खीर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच असते, म्हणजे नुसती वाचते, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. आम्ही डॅलसच्या उत्तरेला ॲलनमध्ये राहतो, लेक आठवीत आहे, ऑगस्टमध्ये नववीत जाईल. इथलं पब्लिक (म्हणजे सरकारी) हायस्कूल म्हणजे ५ हजारांच्या घरात मुलं आणि १८ हजार लोक बसतील एवढं फुटबॉलचं स्टेडियम (६ कोटी डॉलरचं, थट्टा करत नाहीये). लेक हुशार आहे पण मागच्या बाकावरची, उत्तर येत असलं तरी हात वर करणार नाही. तिथे हरवून जाईल अशी भीती वाटते.

मैत्रिणीने एक छोटी ख्रिश्चन शाळा सुचवली. नववी ते बारावी मिळून सव्वाशे मुलं, एका वर्गात पंधरा-सोळा, स्वतःला कॉलेज प्रिपरेटरी (कॉलेजची तयारी करून घेणारी) म्हणवतात. फी वर्षाला १८ हजार डॉलर, युनिफॉर्म आणि पुस्तकं वेगळी. आम्ही हिंदू, घरी दीड दिवसाचा गणपती असतो, त्यांना चालतंय असं ॲडमिशनवाल्या बाईंनी सांगितलं. माहितीपत्रकात आहे की शंभर टक्के मुलं चार वर्षांच्या कॉलेजात जातात, ९ एपी कोर्स (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे) आहेत, चारही वर्षं बायबल कंपल्सरी आणि त्याला क्रेडिट, बुधवारी चॅपल (प्रार्थनासभा).

धर्मावर चर्चा नकोय प्लीज, ती आमच्या घरात दोन्हीकडच्या आजीआजोबांसकट होऊन गेली. मला फक्त अभ्यासाचं विचारायचंय. लेकीचं अल्जेब्रा १ सातवीत झालं, आता जॉमेट्री चालू आहे. गणितात ही शाळा पुरेल का? सायन्स नीट शिकवतात का? तिथे जाऊन नेमकं काय विचारू?

तात्या_टेक्सास | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४२

ते शंभर टक्के आधी बाजूला ठेवा. १८ हजार भरणाऱ्या घरातली पोरं कॉलेजात नाही जाणार तर काय हुरडा पार्टीला जाणार? त्यांच्याकडे "स्कूल प्रोफाइल" मागा. काउन्सेलर प्रत्येक मुलाच्या ट्रान्स्क्रिप्टबरोबर कॉलेजला पाठवतो तो एक-दोन पानी कागद. जीपीए (ग्रेडची सरासरी) कसा काढतात, एपीला किती वजन देतात, बॅच किती मुलांची, एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेचे मार्क कुठून कुठपर्यंत, सगळं त्यात असतं, आणि ते कॉलेजवाले वाचणार असतात म्हणून त्यात फार थापा मारता येत नाहीत. माहितीपत्रक म्हणजे लग्नाचा बायोडेटा, प्रोफाइल म्हणजे गावात जाऊन केलेली चौकशी.

रिकामा_डबा | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

पृथ्वी ६ हजार वर्षांपूर्वी झाली असं शिकवतील, मग बसा नासाला अर्ज करत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गव्हाची_खीर | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

डबेदादा, पहिल्याच दिवशी? काही माहिती असेल तर लिहा ना, नाहीतर पॉपकॉर्न खा शांतपणे.

मिशन_कंपाउंड | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

खीरताई, मी उत्तर देऊ शकते कारण मी अशाच एका शाळेत नऊ वर्षं गणित शिकवतेय, जॉर्जियात. मूळची नगरची, मराठी ख्रिश्चन, आयडीवरून कळलंच असेल. अशा बऱ्याच शाळांत शिक्षकांना श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते, विद्यार्थ्यांचं शाळेगणिक वेगळं असतं. काही शाळा आईबापांपैकी एक तरी चर्चला जाणारा पाहिजे म्हणतात, त्यांना कव्हेनंट शाळा म्हणतात, काही सगळ्यांना घेतात. तुमची दुसऱ्या प्रकारातली दिसते.

आता आतली गोष्ट. मी अल्जेब्रा २ शिकवते, प्रीकॅल्क शिकवते, एपी कॅल्क्युलस शिकवते आणि वर इयरबुकही माझ्याच गळ्यात आहे. माझ्याशिवाय कॅल्क शिकवणारं शाळेत कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे पोरांनी व्हिडिओ बघून इंटिग्रेशन केलं, मी घरून अंथरुणावर पडल्या पडल्या पेपर तपासले. लहान शाळेचा अभ्यास म्हणजे चार-पाच माणसं असतात हो. ती माणसं चांगली असली तर मोठ्या शाळेच्या तोंडात मारेल असं शिकवणं होतं, आणि त्यातलं एक माणूस नवऱ्याची बदली झाली म्हणून गेलं की तो विषयच बसतो. म्हणून "एपी फिजिक्स आहे का" असं विचारू नका, एपी फिजिक्स कोण शिकवतं, किती वर्षं शिकवतंय, त्याआधी काय करत होतं असं विचारा. आणि यादीतले ९ कोर्स दरवर्षी चालतात का तेही. आमच्याकडे केमिस्ट्री आणि फिजिक्स एक वर्षाआड असतात, यादीत मात्र दोन्ही झळकतात.

दुसरं म्हणजे निकाल. कॉलेज बोर्ड कोर्सचा आराखडा तपासून मगच एपी नाव लावू देतं, त्यामुळे नाव खरं असतं. पण वर्षभर एपीच्या वर्गात बसून मे महिन्यात परीक्षेला न बसणारी मुलंही असतात. किती बसली आणि त्यातल्या किती जणांना ५ पैकी ३ किंवा वर मिळाले हे विषयवार मागा. चांगली शाळा कागद काढून देते, बाकीच्या गोड हसतात.

पाटीवरचा_खडू | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

+१. आणि अक्रेडिटेशन, म्हणजे शाळेची मान्यता, कोणाचं आहे ते बघा. ख्रिश्चन शाळांची स्वतःची मोठी संघटना आहे, एसीएसआय, तिचं असतं, त्याबरोबर कॉग्नियासारख्या सर्वसाधारण संस्थेचंही असेल तर बरं. मध्येच शाळा बदलायची वेळ आली तर पब्लिक शाळा क्रेडिटं धरणार की नाही हे त्यावर ठरतं.

बे_एरिया_बंडू | ४ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

रिकाम्या डब्याने विषय काढलाच आहे तर त्याची खरी गोष्ट सांगतो, कारण ती अभ्यासाचीच आहे. आमच्या कॅलिफोर्नियात यूसीला (सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जायचं तर ए-जी म्हणून यादी आहे, १५ वर्षभराचे कोर्स, इंग्लिश ४, गणित ३, सायन्स २ वगैरे, आणि शाळेचा प्रत्येक कोर्स यूसीने मान्य केलेला लागतो. मरिएटाच्या एका ख्रिश्चन शाळेचे काही कोर्स यूसीने नाकारले, त्यात बॉब जोन्स आणि अबेका या ख्रिश्चन प्रकाशनांच्या पुस्तकांवर चालणारं बायोलॉजीही होतं. शाळा, काही विद्यार्थी आणि वर उल्लेख झालाय ती एसीएसआय २००५ मध्ये कोर्टात गेली, म्हणणं असं की हा आमच्या श्रद्धेशी भेदभाव आहे. २००८ मध्ये हरले, २०१० मध्ये अपिलातही हरले, सुप्रीम कोर्टाने ऐकायलाही घेतलं नाही. यूसीचं म्हणणं साधारण असं होतं की धार्मिक दृष्टिकोन शिकवा, हरकत नाही, पण विषयाचं जे ज्ञान आम्हाला पहिल्या वर्षाच्या मुलाकडून अपेक्षित आहे ते त्यात असलं पाहिजे.

तर ताई, बायोलॉजीचं पुस्तक मागा आणि मागची सूची उघडा. प्रकाशक बघितलात की अर्धं काम झालं. आणि एपी बायोलॉजी असेल तर आपोआप एक खात्री मिळते, कारण त्या परीक्षेत नॅचरल सिलेक्शनचं युनिटच १३ ते २० टक्के आहे. ते वगळून कोणी मुलांना ५ मिळवून देऊ शकत नाही.

मिशन_कंपाउंड | ४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

बंडू, बरोबर. आमच्याकडे बायोलॉजीच्या बाई चर्चला जाणाऱ्या आहेत आणि उत्क्रांती नीट शिकवतात, वर पहिल्याच तासाला सांगतात की तुमच्या घरी यावर काय मत आहे ते मला परीक्षेत नको, पुरावा काय आणि तो काय सांगतो ते लिहा. पण असंही बघितलंय की त्या धड्याच्या आठवड्यात नेमकी फील्ड ट्रिप निघते. एकाच पाटीखाली दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत.

हळदकुंकू | ४ फेब्रुवारी, रात्री ९:३३

आमचा मुलगा ह्यूस्टनजवळच्या अशाच शाळेतून गेल्या मे मध्ये पास झाला, त्याच्या बॅचला २६ मुलं होती. आम्ही पण हिंदू. चांगलं-वाईट दोन्ही लिहिते, जरा लांब होईल.

आधी बायबल. मला वाटलं होतं पाठांतर असेल, तिसरीतल्या मनाच्या श्लोकांसारखं. पहिल्या वर्षी थोडं तसंच होतं, दर शुक्रवारी दोन ओळी. पण दहावीत एक म्हातारे सर आले त्यांनी या पोरांना वाचायला शिकवलं. एकदा याने होमवर्क किचनच्या टेबलावर पसरला होता, चांगल्या शोमरोन्याची (गुड समॅरिटन) गोष्ट, लुटलेल्या जखमी वाटसरूला दोघे टाळून जातात आणि तिसरा, परका, मदत करतो ती, जी आपल्याकडे पण कॉन्व्हेंटवाल्यांना माहीत असते. पानाला दोन्हीकडे रुंद समास सोडून मजकूर छापलेला, आणि काम काय तर आधी फक्त काय दिसतं ते लिहा, अर्थ नाही लावायचा. असे पंचवीस मुद्दे. हा वैतागला, पंचवीस कुठून आणू. मग तासाभराने ओरडला, आई हे बघ, तो वकील विचारतो "माझा शेजारी कोण?" आणि शेवटी येशू प्रश्नच फिरवतो, या तिघांतला त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? म्हणजे विचारलं होतं मी कुणाला मदत करायची, आणि परत आलं की तू कुणाचा कोण होतोस. माझे सासरे तेव्हा इथे होते, रोज ज्ञानेश्वरी वाचणारे, ते चष्मा वर करून म्हणाले, अरे हे तर आमचे बुवा ओवी फोडतात तसंच आहे. पुढे इंग्लिशच्या एपीला त्याला ५ मिळाले त्याचं निम्मं श्रेय मी त्या समासांना देते.

आता वाईट. गणित. तुमच्या लेकीसारखाच गणितात पुढे होता. अकरावीत कॅल्क बीसी (एपी कॅल्क्युलसचा वरचा कोर्स, एबी त्याच्या खालचा) संपलं आणि बारावीत शाळेकडे द्यायला काही उरलं नाही. स्टॅटिस्टिक्स घे म्हणाले. पब्लिक शाळेतले त्याचे मित्र मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस करत होते. शेवटी आम्ही संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजला नेऊन आणायचो, आठवड्यातून दोनदा, ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटं जायला. रोबोटिक्स नाही, ऑर्केस्ट्रा नाही. फुटबॉल तर सहा जणांचं, टेक्सासात लहान शाळा तसंच खेळतात, मैदान पण छोटं, ८० यार्डांचं. माझ्या मुलाला आयुष्यात कधी कोणी टीममध्ये घेतलं नसतं, तिथे घेतलं कारण माणसं कमी होती. त्याला अजून त्याचा अभिमान आहे.

शिफारसपत्रं मात्र अशी की काउन्सेलरबाईंनी आम्हाला न दाखवता पाठवली तरी मला खात्री आहे चांगली असणार, कारण त्या बाईंना माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हेसुद्धा माहीत होतं. एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत अशी त्यांच्याच संघटनेची शिफारस आहे, बाईंकडे पूर्ण हायस्कूल मिळून शंभर.

तात्या_टेक्सास | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

हळदकुंकू, झकास लिहिलंय. आता टेक्सासचं खास गणित, जे ॲडमिशनवाल्या बाई सांगणार नाहीत. १९९७ च्या कायद्याने इथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना वरच्या १० टक्के मुलांना आपोआप घ्यावं लागतं, यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) त्यात सूट आहे, त्यांचं ६ टक्के होतं ते २०२६ च्या फॉलपासून ५ टक्के. तुमच्या शाळेची बॅच समजा ३० ची. ३० चे ५ टक्के म्हणजे दीड पोरगं. अर्धं पोरगं कोणी घेत नाही, म्हणजे पहिला नंबर आला तर आला. आणि बऱ्याच लहान शाळा रँक देतच नाहीत, म्हणतात आम्ही मुलांची तुलना करत नाही. तत्त्व छान आहे पण रँक नाही तर ऑटोमॅटिकही नाही, अर्ज सरळ बाकीच्या गठ्ठ्यात. ॲलनला दीड हजारांच्या बॅचमध्ये ७५ जण बसतात, अर्थात त्यातही आपली किती पोरं घासाघीस करत असतात ते तुम्ही रोज बघताच. शिवाय ऑटोमॅटिक म्हणजे युनिव्हर्सिटीत प्रवेश, कॉम्प्युटर सायन्समध्ये नव्हे, तो वेगळा चाळणीचा कारभार.

रिकामा_डबा | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

अवांतर: आपल्याकडे कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मॉरल सायन्स होतं, ख्रिश्चन मुलं वेगळ्या वर्गात जायची. इथे सगळ्यांना बायबल कंपल्सरी कसं चालतं? कोणी केस करत नाही?

पाटीवरचा_खडू | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

डबेराव, चांगला प्रश्न विचारलात, पॉपकॉर्न संपलं वाटतं. आपल्याकडे घटनेचं कलम २८ आहे, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. इथे अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा लगाम सरकारी शाळेला, खासगीला नाही. तुम्ही फॉर्मवर सही केलीत म्हणजे बायबलचा पेपर, त्याचे मार्क आणि बुधवारचं चॅपल सगळ्याला संमती दिलीत. बायबलचा ए शाळेच्या जीपीएत धरला जातो, पण अनेक कॉलेजं जीपीए स्वतःच्या पद्धतीने फक्त मुख्य विषयांचा काढतात, तेव्हा तो गळतो. त्यामुळे शाळेच्या ४.६ वर फार जाऊ नका.

मिशन_कंपाउंड | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

अवांतराला माझंही एक ठिगळ. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्यांचंच मिशन पुढे नगरला आलं. सिंथिया फरारबाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. दोघांनीही बायबल ऐकलं असणारच, आणि पुढे काय केलं ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा आजीआजोबांना एवढं सांगा ताई, पोरगी वर्गात जे ऐकते तेच होऊन बाहेर येते असं नसतं. माझ्या वर्गातली पाद्र्याची मुलं बघितलीत तर पटेलच.

जाईजुई_प्लॅनो | ५ फेब्रुवारी, दुपारी २:४०

फीचं कोणी बोललंच नाही. टेक्सासने २०२५ च्या मे मध्ये खासगी शाळांच्या फीसाठी मुलाच्या नावे खात्यात सरकारी पैसे देण्याचा कायदा केलाय, पहिल्यांदा १ अब्ज डॉलर ठेवलेत, २०२६-२७ पासून सुरू. खासगी शाळेतल्या मुलाला वर्षाला दहा हजारांच्या आसपास. शाळा अक्रेडिटेड पाहिजे. पण अर्ज जास्त आले तर कमी उत्पन्नवाले आणि विशेष गरजा असलेली मुलं आधी, आपल्या आयटीवाल्या दोन पगारांच्या घरांचा नंबर रांगेच्या शेपटाला. धरून चालू नका, पण अर्ज करायला काय जातंय.

गव्हाची_खीर | १२ फेब्रुवारी, रात्री १०:५५

मंडळी, जाऊन आले. लेक शॅडो डेला दिवसभर एका नववीतल्या मुलीबरोबर फिरली आणि मी डीनच्या ऑफिसात तुमचे प्रश्न वहीत लिहून घेऊन बसले. नवऱ्याने वही बघून विचारलं ऑडिटला चाललीस का.

प्रोफाइल लगेच दिलं. रँक देत नाहीत (तात्या, तुमचा चेहरा आठवला, म्हणजे आयडी आठवला). एपीचे निकाल विषयवार मागितल्यावर डीन जरा थांबले, मग कपाटातून काढून दाखवले, प्रत दिली नाही. इंग्लिश आणि यूएस हिस्टरी उत्तम, कॅल्क एबी बरं, फिजिक्सला गेल्या वर्षी तीनच मुलं बसली होती. बीसी एक वर्षाआड चालतं आणि लेकीच्या अकरावीला नेमकं येतं, हे मी बोटांवर मोजून दोनदा खात्री केली. बारावीत काय, तर इथल्या कॉलिन कम्युनिटी कॉलेजचं ड्युअल क्रेडिट (एकच कोर्स हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरतात), काही मुलं दुपारी शेवटचे दोन तास गाडीने जातात. म्हणजे तोवर लेकीला लायसन्स पाहिजे, हा वेगळाच ताप.

गणिताचे सर अकरा वर्षं तिथेच आहेत, आधी इंजिनिअर होते. बायोलॉजीचं पुस्तक बघितलं, नेहमीच्या शाळांत असतं तेच, आणि बंडू, सूची उघडली. उत्क्रांतीचे तिन्ही धडे जागेवर, आणि महत्त्वाचं म्हणजे पानं वापरून मळलेली, कडेला कोणीतरी पेन्सिलने फिंच पक्ष्यांच्या चोची काढलेल्या.

लेकीचं सांगते. घरी येताना गाडीत बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आई हिस्टरीच्या वर्गात सगळे गोल बसतात, मागचा बाक नाहीचे. मी म्हटलं मग? तर म्हणे सरांनी विचारलं पाहुणीला काय वाटतं. आणि तू? "बोलले थोडंसं." ते थोडंसं काय ते अजून सांगितलेलं नाही. चॅपलबद्दल विचारलं तर म्हणाली गिटारवाला बरा होता, प्रवचनात डुलकी आली.

तात्या_टेक्सास | १२ फेब्रुवारी, रात्री ११:२०

प्रत दिली नाही पण दाखवले म्हणजे माणूस सरळ आहे. रँकचं मी सोडून देतो, तुम्हीही सोडा. मागचा बाक नाही हे ऐकून माझं मत फिरलं, आमच्या धाकट्याला चार वर्षांत हायस्कूलच्या एकाही शिक्षकाचं नाव नीट सांगता आलं नाही.

हळदकुंकू | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

ड्युअल क्रेडिटचे पैसे कोण भरतं ते लेखी घ्या. आणि ते क्रेडिट टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत सहसा चालतं, बाहेरच्या खासगीत चालेलच असं नाही.

गव्हाची_खीर | २ मार्च, रात्री ९:१८

अपडेट. घेतली ॲडमिशन, डिपॉझिट भरलं, परत मिळत नाही. आईने फोनवर एवढंच विचारलं की गणपतीची सुट्टी देतील का, मी म्हटलं आपण दीड दिवसाचाच तर बसवतो, काढू ॲडजस्ट करून.

आता नवीन भानगड. नववीच्या मुलांसाठी एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स यादीत आहे पण सहा मुलं झाली तरच वर्ग चालवणार, नाहीतर टायपिंगचा कसलातरी कोर्स. परवा ओळख-संमेलनात मी हातात पेपर प्लेट घेऊन एकेका आईला गाठत होते, विम्याच्या एजंटसारखी. एक कोरियन आई तयार झाली, एक पाद्रीबाईंचा मुलगा, एक तेलुगू जुळी बहीण-भाऊ म्हणजे दोन एकदम. लेकीला धरून पाच झालेत. मॅकिनी-ॲलन-फेअरव्ह्यू भागात कोणाचं मूल यंदा नववीत जात असेल आणि शाळा शोधत असाल तर मला निरोप करा, १५ तारखेपर्यंत कळवायचंय.